पहिल्यांदाच कराटे सेमिनारला जाताय? मग हे वाचून जा

आमच्या क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेमिनारचं पोस्टर पडलं की दर वेळी तेच प्रश्न सुरू होतात. व्हाइट बेल्टला चालतं का, मारामारी असते का, मुलाला एकट्याला सोडायचं का, डबा न्यायचा का, जपानी सर आले तर ते काय बोलतात ते कळतं का. मी प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देत बसते, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढावं. मी कराटे चौतिसाव्या वर्षी सुरू केलं, लेकाला क्लासला सोडायला जायचे आणि तासभर बाकावर बसून राहण्यापेक्षा आपणच का शिकू नये असं वाटलं म्हणून. पहिल्या सेमिनारला गेले तेव्हा यलो बेल्ट होता, आदल्या रात्री झोप लागली नव्हती, आणि ज्या गोष्टींची भीती वाटत होती त्यातली एकही तिथे झाली नाही. ज्याची कल्पनाच नव्हती ते मात्र बरंच झालं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सेमिनार म्हणजे परीक्षा नाही आणि स्पर्धाही नाही. बाहेरगावचे किंवा परदेशातले एखादे सीनियर इन्स्ट्रक्टर येतात, एक-दोन दिवस शिकवतात, आणि चार-पाच क्लासेसची, कधी चार-पाच जिल्ह्यांची माणसं एकत्र येऊन शिकतात. मराठी पेपरात बातमी येते ती 'कराटे प्रशिक्षण शिबिर' म्हणून, काही जुने लोक गाशुकू म्हणतात, म्हणजे एकत्र राहून केलेला सराव. लोकांना वाटतं तिथे जाऊन वीस नवीन टेक्निक शिकून यायचं. माझा अनुभव असा की सेमिनारला नवीन शिकायला जायचंच नसतं, आपण रोज जे करतो तेच दुसऱ्या माणसाच्या नजरेतून तपासून घ्यायला जायचं असतं. पुढे मी जे सगळं सांगतेय ते याच हिशोबाने वाचा.

नाव देण्याच्या आधी

सगळ्यात पहिलं काम म्हणजे आपल्या सरांना विचारा. पोस्टर दुसऱ्या संघटनेचं असेल तर तर नक्कीच विचारा. आपल्याकडे संघटना पुष्कळ आहेत, सरांचे आपापसात संबंध असतात किंवा नसतात, आणि आपण परस्पर फी भरून मग सरांना कळलं की उगाच वाईटपणा येतो. बहुतेक सर आनंदाने हो म्हणतात, उलट कशाकडे लक्ष दे तेही सांगतात.

दुसरं, सेमिनार कशाचा आहे ते नीट वाचा. कराटे हा एक शब्द असला तरी आत खूप प्रकार आहेत. पारंपरिक सेमिनार असेल तर किहोन, काता, कुमिते असं चालतं, म्हणजे बेसिक, मग ठरलेल्या हालचालींची साखळी, मग पार्टनरबरोबर. स्पोर्ट्स कुमितेचा असेल तर ग्लोव्हज, शिनगार्ड, माऊथगार्ड लागतात आणि शिकवणंही पॉइंटच्या भाषेत चालतं, हाताच्या पंचला १, पोटावरच्या किकला २, डोक्यावरच्या किकला ३ असा तो हिशोब. टोकियो ऑलिंपिकमध्ये, जे २०२१ मध्ये झालं, कराटे होतं म्हणून या सेमिनारांची खूप हवा झाली. मग पॅरिसला २०२४ मध्ये कराटे नव्हतं, तरी स्पर्धा खेळणाऱ्या मुलांसाठी हे सेमिनार चालूच आहेत. आणि एक प्रकार असतो बुंकाईचा, म्हणजे कातामधली ही हालचाल प्रत्यक्षात कशासाठी आहे ते उलगडून दाखवतात. नवीन माणसाला मी पारंपरिक सेमिनारच सुचवेन, तिथे व्हाइट बेल्टपासून सगळ्यांना जागा असते. रेफ्री सेमिनार असं लिहिलेलं असेल तर तो पंचांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

तिसरं, स्टाइल कोणती ते बघा, म्हणजे कराटेचं घराणं, शोतोकान, शितो-र्यू, गोजू-र्यू वगैरे. हे फारसं कोणी सांगत नाही आणि मग तिथे गेल्यावर गोंधळ होतो. शोतोकानवाले ज्याला हेयान शोदान म्हणतात ना, पहिला काता, तोच शितो-र्यूमध्ये पिनान निदान असतो, म्हणजे दुसरा. कारण असं की जपानच्या ओकिनावा बेटावरच्या इतोसू नावाच्या गुरूंनी शाळेतल्या मुलांसाठी पिनान या नावाचे पाच काता बसवले, आणि पुढे शोतोकानचे गुरू फुनाकोशी यांनी त्या कातांचं नाव हेयान केलं आणि पहिल्या दोघांची जागा अदलाबदल केली. त्यामुळे ओपन सेमिनारमध्ये 'पहिला काता करा' म्हटलं की अर्धे लोक डावीकडे खाली ब्लॉक करत वळतात आणि उरलेले भलतंच काहीतरी सुरू करतात. घाबरू नका, तुमचं चुकलेलं नसतं. शितो-र्यूचे स्टान्स, म्हणजे उभं राहायच्या पद्धती, उंच आणि आखूड, शोतोकानचे लांब आणि खाली, गोजू-र्यूमध्ये श्वासावर जास्त भर. दुसऱ्या स्टाइलच्या सेमिनारला गेलात तर त्या दिवसापुरतं ते सांगतील तसंच करायचं.

फी भरताना एवढं विचारून घ्या की त्यात जेवण आहे का, राहायची सोय आहे का, सर्टिफिकेट त्यातच आहे की वेगळे पैसे, आणि बेल्ट एक्झाम असेल तर ती फी वेगळी का. पावती घ्या. आणि पालकांसाठी खास, सेमिनारचं सर्टिफिकेट हे हजर होतात याचं सर्टिफिकेट असतं. दहावीच्या क्रीडागुणांसाठी ते चालत नाही, त्याला स्पर्धेची सर्टिफिकेटं लागतात आणि त्याचे नियम जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारायचे असतात. कोणी 'दोन दिवसांच्या सेमिनारमध्ये थेट ब्लॅक बेल्ट' असं सांगत असेल तर तिथे जाऊ नका. ब्लॅक बेल्टला वर्षं लागतात, लागायलाच हवीत.

आदल्या रात्री

कराटे ड्रेस धुतलेला हवा. नवीन घेतला असेल तर किमान एकदा धुऊन घ्या, एकतर कडक असतो आणि दुसरं म्हणजे कॉटन आटतं, मग पायजमा नडगीपर्यंत वर. बेल्ट घरीच दोनदा बांधून बघा, दोन्ही टोकं सारखी यायला हवीत. तिथे शंभर माणसांसमोर बेल्ट सुटला की मागे वळून, म्हणजे पुढच्या भिंतीकडे पाठ करून, नीट बांधायचा असतो. हे सगळ्यांचंच होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हाता-पायांची नखं कापा. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी कोणाच्या तरी हातावर ओरखडा येतोच. अंगठी, कडं, चेन, कानातलं सगळं घरीच ठेवा, मंगळसूत्रसुद्धा. तिथे पर्समध्ये काढून ठेवू म्हणून नेऊ नका, हॉलच्या कोपऱ्यात दीडशे बॅगा पडलेल्या असतात. चमकी निघत नसेल तर वरून पट्टी लावा. मनगटावर गंडा, राखी, देवाचा दोरा असेल आणि काढायचा नसेल तर त्यावरही पट्टी गुंडाळा, कोणी काही म्हणत नाही. केसांना साधं रबर, पिना-क्लिपा अजिबात नको. मुलींनी आणि बायकांनी आत पांढरा टीशर्ट घाला.

बॅगेत काय? पाण्याच्या दोन बाटल्या, ओआरएसची दोन पाकिटं, केळी, राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की, नॅपकिन, एक जास्तीचा टीशर्ट, स्पोर्ट्स टेप, वही आणि पेन. टेप कशाला ते सांगते. आपल्याकडे सेमिनार होतात ते कुठे शाळेच्या हॉलमध्ये, कुठे मंगल कार्यालयात, कुठे जिल्हा क्रीडा संकुलात, आणि फरशी कशी असेल ते नशिबावर. खरखरीत कोबा असला की पायाच्या चवड्याखाली, जिथून आपण वळतो तिथे, दोन तासात फोड येतो. पझल मॅट असल्या तर सांध्यात बोट अडकतं. पावसाळ्यात फरशीला ओल धरते आणि सटकायला होतं. आधीच चवड्याला आणि अंगठ्याला टेप लावून गेलं की दुसरा दिवस सुखाचा जातो. साधी कागदी पट्टी घामाने निघून येते, ती नको.

गुडघा दुखत असेल, दमा असेल, बीपी असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर नाव देतानाच आयोजकांना सांगा आणि सकाळी परत एकदा सांगा. इन्हेलर बॅगेत नको, हॉलच्या कडेला हाताशी ठेवा.

सकाळी

सेमिनार सहसा सकाळी ७-८ ला सुरू होतो. दीड-दोन तास आधी हलकं खा, पोहे, उपमा, केळं, दूध. मिसळ संध्याकाळी खा, तेव्हा तिची चवही जास्त लागते. मुंबई-ठाण्याकडच्यांनी रविवारचा मेगाब्लॉक आदल्या दिवशीच बघून ठेवा, माझ्या ओळखीची किती तरी मुलं कुर्ल्याला अडकून पहिलं सेशन घालवून बसलीत.

हॉलवर अर्धा तास आधी पोचा. चपला बाहेर ओळीने, टाचा दाराकडे करून ठेवायच्या, म्हणजे निघताना पाय सरळ आत जातो. दारातून आत जाताना थांबून वाकून नमस्कार करायचा, बाहेर पडतानाही. रजिस्ट्रेशन टेबलवर नाव सांगा, पावती दाखवा, आणि मग उगाच कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसू नका. हलकं वॉर्मअप करा, आणि बाजूला जो कोणी आपल्यासारखा एकटा उभा असेल त्याच्याशी बोला. कुठून आलात, कोणते सर, एवढं पुरतं. पुढच्या दोन दिवसांत तोच तुमचा पार्टनर होण्याची शक्यता खूप असते.

उशीर झालाच तर धावत आत घुसून रांगेत उभं राहायचं नाही. कडेला थांबायचं, शिकवणाऱ्या सरांची नजर आपल्याकडे जाईपर्यंत वाट बघायची, त्यांनी मान हलवली की वाकून मागच्या रांगेत जायचं. मधेच जायचं असेल, टॉयलेट असो की चक्कर येत असो, जवळच्या सीनियरला सांगून जायचं. हे शिस्तीसाठी आहेच, पण सुरक्षेसाठी जास्त आहे, कोणी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलं तर कळायला नको का.

रांग आणि नमस्कार

'लाइन अप' ऐकू आलं की बेल्टप्रमाणे रांगा लागतात. बहुतेक ठिकाणी समोर तोंड करून उभं राहिलं की सगळ्यात सीनियर उजव्या हाताला आणि मग उतरत्या क्रमाने डावीकडे, व्हाइट बेल्ट शेवटच्या रांगेत. आपली जागा कळली नाही तर सरळ विचारा, कोणी ना कोणी खांद्याला धरून नेऊन उभं करतं. शेवटच्या रांगेत उभं राहण्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिथून पुढच्या सगळ्यांच्या टाचा, गुडघे, कंबर दिसते, आणि कराटे शिकायला तेच तर बघायचं असतं.

मग 'सेइझा' म्हणतात, म्हणजे वज्रासनासारखं बसायचं. डावा गुडघा आधी टेकायचा, मग उजवा, आणि उठताना उजवा पाय आधी. 'मोकुसो' म्हटलं की डोळे मिटून शांत बसायचं. मग तीन नमस्कार. 'शोमेन नी रे' म्हणजे समोरच्या भिंतीकडे, जिथे बहुतेक वेळा संस्थापकांचा फोटो असतो. 'सेन्सेई नी रे' म्हणजे शिक्षकांना. 'ओतागाई नी रे' म्हणजे एकमेकांना. या तिसऱ्यावर मला फार प्रेम आहे, कारण त्यात ब्लॅक बेल्ट आणि पहिल्या दिवसाचा पोरगा एकाच वेळी एकमेकांसाठी वाकतात. गुडघ्याचा त्रास असेल तर मांडी घालून किंवा उभं राहून नमस्कार केला तरी चालतं, फक्त आधी सांगितलेलं असावं. फोटोला नमस्कार करायला कोणाला धर्मामुळे अवघड वाटत असेल तर तेही आधी बोला, मी असे विद्यार्थी बघितलेत की जे त्या वेळी नुसते शांत उभे राहतात आणि कोणी त्यांना टोकत नाही.

बेल्टचं सांगायचं तर, ही पद्धत मुळात कराटेची नाहीच. ज्युदोचे जिगोरो कानो, ज्यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, त्यांच्याकडून ती आली. गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला कराटे दाखवायला आले आणि १९२४ मध्ये त्यांनी पहिल्यांदा आपल्या विद्यार्थ्यांना ब्लॅक बेल्ट दिले. म्हणजे ओकिनावात त्याआधी जी माणसं कितीतरी पिढ्या सराव करत होती त्यांच्या कमरेला रंगीत पट्टी नव्हतीच. सेमिनारला शेजारचा कोणता बेल्ट बांधून आलाय याचं दडपण आलं की मी हे आठवते.

प्रत्यक्ष शिकवणं कसं चालतं

साधारण असं होतं की सर पुढे येऊन एक गोष्ट करून दाखवतात, दोन-चार वेळा, वेगवेगळ्या बाजूने, थोडं बोलतात, आणि मग 'हाजिमे', म्हणजे सुरू. मोजणी जपानीत, इचि, नि, सान, शि, गो, रोकू, शिचि, हाचि, क्यू, जू. दहापर्यंत पाठ करूनच जा, प्रत्येक आकड्याला एक हालचाल करायची असते. 'यामे' म्हणजे थांबा, 'मावात्ते' म्हणजे वळा, 'योई' म्हणजे तयार. एवढे शब्द आले की कोणत्याही देशातल्या सरांचा क्लास करता येतो, ही कराटेची खरी सोय आहे. बाहेरचे सर असले की ते बोलतात मोडक्या-तोडक्या इंग्रजीत आणि कोणीतरी सीनियर ते हिंदी-मराठीत सांगतात. पण खरं सांगू का, त्यांच्या तोंडाकडे बघू नका, पायाकडे बघा.

मला हे कसं कळलं ते सांगते, कारण पूर्ण लेखात मला हेच सांगायचंय. माझा तिसरा की चौथा सेमिनार असेल, दुसऱ्या दिवशीची सकाळ. जपानहून आलेले वयस्कर सेन्सेई होते, सत्तरीच्या आसपासचे. आम्ही साठेक जण, आणि विषय काय तर ग्याकू-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा पंच, जो मी तोपर्यंत हजारो वेळा मारला असेल. झेनकुत्सू-दाचीत उभं राहायचं, पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, आणि कंबर फिरवून पंच. ते रांगांमधून हळूहळू फिरत होते. माझ्याजवळ आले, थांबले, काहीच बोलले नाहीत. मग खाली उकिडवे बसले आणि माझ्या मागच्या टाचेवर दोन बोटं ठेवली. नुसती ठेवली, दाबली नाहीत. आणि वर बघून म्हणाले, 'इचि'. मी पंच मारला आणि त्यांची बोटं वर उचलली गेली, कारण माझी टाच उचलली गेली. ते काही बोलले नाहीत, परत 'इचि'. परत टाच उचलली. तिसऱ्या-चौथ्या वेळी मी टाच धरून ठेवली तर कंबर फिरेना. तेव्हा ते उठले, माझ्या मागच्या बाजूच्या कमरेच्या हाडावर दोन बोटांनी हलकं टॅप केलं, म्हणजे इथून ढकल. आणि एकदम जमलं. पंच त्याच हाताचा, पण जोर जमिनीतून आल्यासारखा, खांद्याला काही करावंच लागलं नाही. ते मान हलवून पुढच्या मुलाकडे गेले. सगळं मिळून मिनिटभर झालं असेल.

आमच्या सरांनी मला 'टाच, टाच' असं दोन वर्षं सांगितलं होतं. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं की माझी टाच खालीच आहे. त्या दोन दिवसांत आम्ही एक नवा कातापण शिकलो, त्यातलं आज मला काही आठवत नाही. ती दोन बोटं मात्र अजून टाचेवर आहेत.

म्हणून सेमिनारला सगळं गोळा करायला जाऊ नका. सर खूप दाखवतील, शेजारचे भराभर करतील, तुम्हाला वाटेल आपण मागे पडतोय. पडू द्या. त्यातली एकच गोष्ट, जी तुमच्या रोजच्या स्टान्समध्ये, ब्लॉकमध्ये, पंचमध्ये बसते, ती पकडा आणि उरलेला दिवस प्रत्येक वेळी तीच तपासत राहा. काता येत नसला तर शेवटच्या रांगेत राहून पुढच्याचं बघून करा, दिशा चुकली तर चुकली, फक्त मधेच उभं राहून आपटाआपटी होऊ देऊ नका.

आणि कृपा करून 'पण आमचे सर असं नाही शिकवत' हे वाक्य तोंडातून काढू नका. खरं असेलही, पण त्या दिवशी त्याचा उपयोग नाही. प्रश्न जरूर विचारा, ब्रेकमध्ये किंवा सरांनी 'काही शंका?' म्हटल्यावर, आणि जे शिकवलं त्याबद्दलच विचारा. शिवाय स्वतः सीनियर नसाल तर पार्टनरला सुधारत बसू नका, त्याला शिकवायला सर आहेत.

पार्टनर

भीती सगळ्यांना याचीच असते. पार्टनर वर्क बहुतेक ठरलेलं असतं, म्हणजे गोहोन कुमितेमध्ये समोरचा पाच पावलं पुढे येत पाच पंच मारणार, कुठे मारणार ते आधी सांगून, आणि तुम्ही मागे जात पाच ब्लॉक करून शेवटी एक उलट पंच मारणार. सगळं माहीत असतं, तरी पहिल्यांदा छातीत धडधडतं. माझ्या पहिल्या सेमिनारला माझ्यासमोर आला तो चौदा-पंधरा वर्षांचा ब्राऊन बेल्ट मुलगा. मी अंग चोरून, हात आखूड ठेवून पंच मारत होते, लागेल म्हणून. तो थांबला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही खरंच माझ्यापर्यंत या, नाहीतर मी अडवायचं काय? मी आहे ना, नाही लागणार." त्या पोराने मला त्या दिवशी शिकवलं की अंतर सोडून मारलेला पंच हा समोरच्याचं नुकसान असतं. पंच पोचेल असा मारायचा, पण कंट्रोल ठेवून, म्हणजे अंगाला चिकटण्याआधी थांबेल असा.

याची दुसरी बाजूपण मी बघितलीय. एका शहरात एक पार्टनर मिळाला जो दर वेळी पूर्ण जोराने मारत होता, दुसऱ्या पंचला माझा ओठ फुटला आणि मी गप्प बसले, कारण मला वाटलं की असंच असतं आणि तक्रार केली तर बाई म्हणून हसतील. तसं काही नव्हतं. एका सीनियरने रक्त बघितलं, आम्हाला थांबवलं, त्याला बाजूला घेऊन बोलले आणि माझा पार्टनर बदलून दिला. तेव्हापासून मी प्रत्येक नवीन माणसाला सांगते, पहिल्याच जोराच्या पंचला मोठ्याने म्हणा, "जरा हलकं." तरी ऐकलं नाही तर हात वर करून सीनियरला बोलवा. लॉक किंवा थ्रो शिकवत असतील तर दुखायला लागल्याबरोबर हाताने दोनदा टॅप करायचं, समोरच्याने त्या क्षणी सोडायचं. यात कोण किती सहन करतो हे बघायचं नसतं. आणि मुलींनो, कोणाबरोबर प्रॅक्टिस करताना नको वाटलं, हात नको तिथे जातोय असं वाटलं, तर कारण न सांगता पार्टनर बदलून मागायचा तुम्हाला हक्क आहे. आई-बाबांनी मुलांना हे घरी सांगून पाठवा.

पार्टनर बदलताना दर वेळी आधी वाकायचं, झाल्यावर परत वाकायचं. उंचीने, वयाने, बेल्टने वेगवेगळे पार्टनर घ्या. एकाच मैत्रिणीबरोबर दोन दिवस काढायचे असतील तर ते क्लासमध्येही करता येतं.

ब्रेक, मोबाइल, जेवण

पाणी मधेच जाऊन प्यायचं नसतं, ब्रेक देतात तेव्हा प्यायचं, पण चक्कर, मळमळ, पायात गोळा असं काही झालं तर नियम बाजूला ठेवून सरळ बाहेर या. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या हॉलमध्ये तर नुसतं पाणी पुरत नाही, ओआरएस, लिंबू-सरबत, कोकम सरबत घ्या. दुपारच्या जेवणात भात कमी, दुपारी परत सेशन असतं.

व्हिडिओ विचारल्याशिवाय काढू नका. पुष्कळ सरांना आवडत नाही आणि काढणाऱ्याचंही शिकणं राहून जातं. त्यापेक्षा ब्रेकमध्ये वहीत तीन ओळी लिहा, ताज्या ताज्या. पालकांनी कडेला शांत बसावं, लांबून "हात वर घे, हात वर" असं ओरडू नये, मूल बिचारं दोन्हीकडे बघतं आणि दोन्हीकडचं चुकतं.

शेवटी बेल्ट एक्झाम असेल तर ती फक्त ज्यांच्या सरांनी नाव दिलंय त्यांच्यासाठी असते. तुमचं नाव नसेल तर थांबून बघा, खूप शिकायला मिळतं. मग ग्रुप फोटो, त्यात व्हाइट बेल्टनी पुढे बसायचं. आणि सगळे मिळून हॉल झाडायचा, मॅट उचलायच्या, तेव्हा पळून जाऊ नका. सेन्सेईंशी दोन शब्द बोलायची सगळ्यात चांगली वेळ हीच असते.

घरी आल्यावर

ड्रेस लगेच भिजवा. पायाचे फोड फोडू नका, धुऊन कोरडे ठेवा. मांड्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना दुखतील, तिसऱ्या दिवशी कमी होतील. गुडघा किंवा मनगट सुजलं असेल तर मात्र वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

त्याच रात्री, झोपायच्या आधी, वही काढा आणि ती एक गोष्ट लिहा, तारीख घालून. कोणी सांगितली, कुठे हात ठेवला, काय बदललं. माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर एवढंच आहे, 'मागची टाच. कंबर ढकल.' पुढच्या क्लासला जाताना ती वही घेऊन जा आणि वॉर्मअपच्या आधी सरांना दाखवा. आमचे सर वाचून म्हणाले, "चल, मार बघू एक ग्याकू-झुकी," आणि माझ्या मागे जाऊन खाली बसले.